‘तर’ आणि ‘तरच’ : गटनिवडीच्या कोड्यांतील अटींची मांडणी

आयबीपीएसच्या परिविक्षाधीन अधिकारी पूर्वपरीक्षेत तर्कशक्तीच्या ३५ प्रश्नांसाठी २० मिनिटे मिळतात. चुकीच्या उत्तरास त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापला जातो. अशा वेळी कोड्यातील अटी मनात घोळवीत बसण्यापेक्षा त्या बाणांनी कागदावर मांडणे हिताचे ठरते.

समजा, अ, ब, क, ड, इ, फ या सहा अधिकाऱ्यांतून तिघांचे तपासणी पथक निवडावयाचे आहे. अ असल्यास ब हवाच. ब असल्यास ड नको. क नसल्यास ड हवाच. नकारासाठी फुली योजली की मांडणी अशी होते :

अ → ब
ब → ×ड
×क → ड

प्रत्येक बाणाच्या बाजूंची अदलाबदल करून दोन्ही टोकांना नकार द्यावा. तिसऱ्या अटीतून ×ड → क मिळते आणि अ → ब → ×ड → क अशी साखळी जुळते. म्हणजेच अ ची निवड होताच पथक पूर्ण झाले : अ, ब, क. याउलट क वगळल्यास ड येतो, ब व अ गळतात आणि इ, फ यांना घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

बहुतेक उमेदवार अडखळतात ते मात्र नकार न देता बाण उलटविण्यात. कर्ज मंजूर झाले असेल तर अर्ज आलेला असतोच; पण अर्ज आला म्हणजे कर्ज मंजूर झाले, असे कोणता शाखाधिकारी म्हणेल? मराठीतील एकाक्षरी ‘च’ येथे फार मोठे काम करतो. ‘ब असेल तर अ’ यात बाण ब कडून अ कडे जातो. ‘ब असेल तरच अ’ म्हणताच तो अ कडून ब कडे वळतो. घाईत हा ‘च’ नजरेतून निसटला की पुढील चार-पाच प्रश्न एकदमच चुकतात.

तिसरी अटही अशीच फसवी आहे. क आणि ड यांपैकी एक तरी हवा, एवढेच ती सांगते. दोघे एकत्र येण्यास तिची हरकत नाही. क, ड, इ हे पथक पूर्णतः नियमात बसते.

सहांतून तिघांची २० पथके संभवतात. या अटींत त्यांपैकी ७ टिकतात आणि अ असलेले त्यांत एकच. उरलेली सहा वाचकांनी स्वतः लिहून पाहावीत.