नवी संगणक-प्रणाली घ्यावी कीं जुनीच चालवावी?

14 ऑक्टोबर 2025 या दिवशीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज 10 या प्रणालीची नेहमींची मोफत देखभाल थांबविली. ही प्रणाली 29 जुलै 2015 रोजीं निघाली होती. म्हणजे तिला दहा वर्षांचें आयुष्य लाभलें. पिंपळे सौदागरांतील ज्या ज्या घरीं सातआठ वर्षांपूर्वीं घेतलेला संगणक आहे, तेथें तेथें एकच प्रश्न उभा राहिला : विंडोज 11 घालावें, नवें यंत्र विकत घ्यावें, कीं आहे तेंच चालूं द्यावें? पालकांनीं आम्हांलाहि तो विचारला. सर्वांस सरसकट लागू पडेल असें उत्तर नाहीं. तें प्रत्येकानें आपल्यापुरतें कसें काढावें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

विद्यार्थिमित्रहो, ऑपरेटिंग सिस्टिम ही यंत्र आणि आपलीं कामें यांच्यामधील कारभारीण होय. कोणती कळ दाबली, फाइल कोठें ठेवावी, प्रिंटरला काय सांगावें, कोणत्या कामास मेमरीचा किती वांटा द्यावा, हें सर्व ती पाहते. असा लक्षावधि ओळींचा कारभार निर्दोष असणें शक्य नाहीं. त्यांत फटी राहतात. त्या सांपडल्या म्हणजे कंपनी त्या बुजविते व ती दुरुस्ती अपडेटच्या रूपानें आपल्या यंत्रांत येते. देखभाल थांबली म्हणजे संगणक बंद पडत नाहीं. दुसऱ्या दिवशींहि तो पूर्वींप्रमाणेंच चालतो. मात्र पुढें सांपडणाऱ्या फटी उघड्याच राहतात. म्हणूनच पुष्कळांस हा धोका खरा वाटत नाहीं.

तो खरा आहे, हें 2017 सालीं दिसून आलें. विंडोजमधील एक फट बुजविणारी दुरुस्ती त्या वर्षीं 14 मार्चला निघाली होती. ज्यांनीं ती घेतली नव्हती अशा यंत्रांत 12 मे रोजीं वॉनाक्राय नांवाचा किडा शिरला, आणि दीडशें देशांत फाइली कुलुपबंद करून खंडणी मागूं लागला. इंग्लंडांतील रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. पुढच्याच महिन्यांत, 27 जूनला, नॉटपेट्या नांवाचा दुसरा किडा सुटला. त्यानें मेर्स्क या डॅनिश जहाजकंपनीचे संगणक निकामी केले व त्याची झळ आपल्या उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोंचली. तेथें त्याच समूहाकडे असलेल्या धक्क्याचें काम अडलें, आणि संगणकांचें काम माणसांना हातानें उरकावें लागलें.

आतां याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. नॉटपेट्या प्रथम पसरला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच! तसेंच 19 जुलै 2024 रोजीं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटनें जगांतील सुमारें 85 लाख विंडोज यंत्रें निळ्या पडद्यावर थिजून गेलीं; भारतांतील विमानतळांवर कांहीं प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेव्हां नवें तें सारें निर्धोक, असें मानणाराहि फसतो. आमच्या मतें येथें एक भेद ध्यानांत धरावा. फटी बुजविणाऱ्या दुरुस्त्या लगेच घ्याव्या. प्रणालीची अगदीं नवी आवृत्ति मात्र कांहीं महिने इतरांच्या अनुभवास येऊं द्यावी. 2007 सालीं विंडोज व्हिस्टा निघाली तेव्हां पुष्कळ लोक एक्सपीवरच थांबले, आणि 2009 सालीं आलेली विंडोज 7 घेऊन सुखी झाले. परंतु एक्सपीची देखभाल 8 एप्रिल 2014 रोजीं संपल्यावरहि जे तीच कवटाळून बसले, त्यांच्या थांबण्यास शहाणपण म्हणतां येत नाहीं.

विंडोज 11 प्रत्येक यंत्रावर चढत नाहीं. तिला 4 जीबी मेमरी, 64 जीबी जागा, टीपीएम 2.0 नांवाची सुरक्षा-चकती आणि ठरलेल्या यादींतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असल्यास तो बहुधा आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. पुष्कळ यंत्रांत टीपीएम असतो, पण बायॉसमध्यें तो बंद ठेवलेला असतो. तेवढ्यावरून यंत्र निरुपयोगी ठरवून नवें घेऊं नये. पीसी हेल्थ चेक हें मायक्रोसॉफ्टचें मोफत साधन याची परीक्षा करून देतें. अटी चुकवून ही प्रणाली घालून देणारे दुकानदारहि भेटतात. अशा यंत्रांना पुढील अपडेट मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाहीं. मग ज्या कारणासाठीं हा खटाटोप केला तेंच कारण उरत नाहीं.

मराठी लिहिणाऱ्यांस आणखी एक अडचण आहे, व तिचा विचार इंग्रजी मार्गदर्शकांत सांपडत नाहीं. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं आपण पुण्याच्याच सी-डॅकच्या आयएसएम किंवा मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपी यांसारख्या साधनांनीं लिहीत असूं. तेव्हांच्या फॉन्टांत मराठी अक्षरामागें यंत्रांत एखादें रोमन अक्षर वा चिन्हच सांठविलेलें असे. फॉन्ट त्यावर मराठी रूप पांघरी. फॉन्ट गेला कीं लेखाची जागा अर्थहीन चिन्हें घेतात. शिवाय विंडोज 11 केवळ 64 बिटांचीच निघते. त्यामुळें फार जुनीं टंकन-साधनें व त्यांचे ड्रायव्हर तीवर चालतीलच असें नाहीं. ज्यांच्या घरीं आजोबांचे लेख, मंडळाचीं इतिवृत्तें किंवा दुकानाचीं पत्रें अशा फॉन्टांत पडून आहेत, त्यांनीं जुनें यंत्र चालू असतांनाच तीं युनिकोडमध्यें उतरवून घ्यावीं. मग ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ असे शब्द मुद्दाम तपासावे. रूपांतर करतांना हा ‘र’ हमखास बिघडतो.

भोसरी-चाकणकडील कारखान्यांत कामास जाणाऱ्या पालकांचा प्रश्न वेगळा आहे. सीएनसी यंत्र वीस वर्षें उत्तम लोखंड कापतें. पण त्याला जोडलेल्या संगणकाची प्रणाली दहा वर्षांत म्हातारी होते. तेथें यंत्र बनविणाराच्या संमतीवांचून प्रणाली बदलणें म्हणजे चालतें काम थांबविणें होय. असा संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवावा, व त्याला कोणाचाहि पेन ड्राइव्ह न तपासतां लावूं नये.

घरच्या संगणकाचें तसें नाहीं. त्यावरून बँकेचे व्यवहार होतात, मुलांचे अर्ज भरले जातात. यंत्र अटींत बसत असेल तर विंडोज 11 घालावें. त्यासाठीं पैसे पडत नाहींत. तत्पूर्वीं सर्व फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर करून ती उघडते कीं नाहीं हें पाहावें, कारण न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे. प्रणाली घातल्यावर साधारणपणें दहा दिवसांच्या आंत मागें फिरण्याची सोय असते. तेवढ्यांत प्रिंटर, स्कॅनर व मराठी कळफलक वापरून पाहावे. यंत्र अटींत बसत नसेल आणि पैशाची तजवीज व्हावयाची असेल, तर मायक्रोसॉफ्टनें कांहीं अटींवर 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत जाहीर केलेल्या मुदतवाढीची माहिती पाहावी. लिनक्सचाहि मार्ग आहे. उबुंटूसारखी प्रणाली फुकट मिळते, पांच वर्षें तिची देखभाल होते, आणि जुन्या यंत्रावर लेखन, वाचन व प्रोग्रॅमिंगचा अभ्यास तीवर चांगला होतो. विंडोजचीं कित्येक सॉफ्टवेअरें मात्र तीवर चालत नाहींत, हें अगोदर समजून घ्यावें.

दहावी-बारावीचीं मुलें ज्या घरीं आहेत, त्यांनीं हा उद्योग फेब्रुवारी-मार्चमध्यें काढूं नये. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी बरी. त्या वेळीं मुलालाच शेजारीं बसवून प्रत काढण्याचें काम त्याच्याकडे द्यावें.