पक्या राख झाला त्याची गोष्ट

मित्रहो, घाबरू नका. आमच्या विंगमधला पक्या मेसमध्ये पोहे खातोय. राख झाला तो 'विझर्डरी'तला पक्या.

हा १९८१ चा गेम कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांनी ॲपल टू संगणकासाठी लिहिला. मी तो गेल्या सुट्टीत इम्युलेटरवर खेळलो. सहा पात्रांची टोळी करायची आणि दहा मजली तळघरात उतरायचं. प्रत्येक मजला २० बाय २० चौकोनांचा. नकाशा गेम देत नाही, आपणच काढायचा. (ग्राफबुकाचा इतका मनापासून वापर मी सबमिशनलाही केला नव्हता.) पात्रांना विंगमधल्यांची नावं दिली. पक्या पुजारी. चौथ्या मजल्यावर तो मेला, आणि गेमने ते लगेच डिस्कवर लिहूनही टाकलं. देवळात सोनं मोजून त्याला जिवंत करायला दिलं, विधी फसला, राख झाली. राखेवर आणखी एक प्रयत्न करता येतो. तोही फसला. पात्र कायमचं गेलं! इम्युलेटरची सेव्ह-स्टेट वापरायची नाही, असं खुद्द पक्यानेच बजावलं होतं.

आता २०२३ चा 'बाल्डर्स गेट ३' घ्या. टोळी चौघांची. घाव बसण्याची शक्यता टक्क्यांत समोर दिसते. हे गणित सोपं आहे: वीस बाजूंचा फासा, आपला बोनस ५, शत्रूचं चिलखत १५. म्हणजे १० किंवा जास्त पडायला हवेत. वीसपैकी ११ आकडे, ५५ टक्के. दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची मुभा मिळाली, तर १ वजा ०.४५ चा वर्ग, म्हणजे जवळपास ८० टक्के. १९९८ च्या पहिल्या 'बाल्डर्स गेट'मध्ये 'थॅको' नावाची उलटी वजाबाकी होती, तिथे चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत चांगलं. ती समजायला मला दोन रात्री लागल्या.

नव्या गेममधले सोबती बोलतात, रुसतात, टोळी सोडूनही जातात. 'विझर्डरी'तला पक्या एक अक्षर बोलला नाही. तरी हळहळ वाटली ती त्याचीच, कारण नव्यात कुणी मेलं की आम्ही एफ-८ दाबून मागे जायचो. त्यावरून रूममध्ये भांडणंही झाली. २०२३ च्या अखेरीस त्यात एकच सेव्ह असलेला 'ऑनर मोड' आला. सध्या आम्ही चौघे तोच खेळतोय, आणि दार उघडण्याआधी अर्धा तास चर्चा चालते.

ग्राफबुकात चौथ्या मजल्यावर लाल फुली आहे. पक्या ते पान मागतोय. अजून दिलेलं नाही.