ड्रमवादक कॅरन कार्पेंटर

आपल्याकडे तबला वाजविणारास दोन हात पुरतात. पाश्चात्य वाद्यवृंदांतील ड्रम वाजविणारास मात्र दोन हात व दोन पाय एकाच वेळीं निरनिराळ्या कामांस लावावे लागतात. उजवा पाय पट्टी दाबून मोठ्या ढोलावर ठोका देतो, डावा पाय झांजांची जोडी मिटवितो व उघडतो, आणि हातांतील काठ्या मधल्या ड्रमवर व टांगलेल्या झांजांवर चालतात. हें सर्व करीत असतां जी मुलगी गातही असे, तिचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

कॅरन कार्पेंटर हिचा जन्म अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत न्यू हेवन येथें २ मार्च १९५० रोजीं झाला. तिचा वडील भाऊ रिचर्ड पियानोवादनांत लहानपणापासून निपुण होता. १९६३ सालीं हें कुटुंब कॅलिफोर्नियांतील डाउनी गांवीं राहावयास गेलें. त्या स्थलांतराचें एक कारण रिचर्डच्या संगीतास वाव मिळावा हें होतें. घरांतील संगीतकार म्हणजे तोच, अशी सर्वांची समजूत होती.

डाउनी येथील हायस्कुलांत कॅरनला व्यायामाच्या तासाचा कंटाळा असे. शाळेच्या बँडमध्यें गेल्यास तो तास चुकतो, एवढ्याच हेतूनें ती बँडमध्यें शिरली! (हा मार्ग आमच्या विद्यार्थ्यांनीं अनुकरणीय समजूं नये.) तेथें तिला धातूच्या पट्ट्यांवर लहान हातोड्यांनीं वाजविण्याचें ग्लॉकेनश्पील हें वाद्य देण्यांत आलें. तें तिला आवडेना. ड्रम वाजविणाऱ्या मुलांकडे पाहून, हें आपल्यालाही येईल, असें तिच्या मनानें घेतलें. घरीं उंच बैठकी मांडून जेवणाच्या चिनी काड्यांनीं त्यांवर ती सराव करूं लागली. सोबतीला डेव्ह ब्रुबेक याच्या तबकड्या असत. ब्रुबेकच्या संगीतांत पांच व नऊ मात्रांचे ठेके येतात. नेहमींच्या पाश्चात्य गाण्यांतील चार मात्रांहून ते पुष्कळच अवघड. अशा तालमीनंतर साध्या ठेक्यांत तिचा हात डगमगला नाहीं, यांत नवल तें कोणतें? मुलीचा ध्यास पाहून आईबापांनीं तिला ड्रमचा संच घेऊन दिला.

२४ जून १९६६ रोजीं हॉलिवूड बाउल येथील स्पर्धेंत रिचर्डच्या त्रयीनें पारितोषिक मिळविलें. तेव्हां ड्रमवर बसलेली कॅरन १६ वर्षांची होती. १९६९ सालीं ए अँड एम कंपनीनें बहीणभावांशीं करार केला, आणि पुढील वर्षीं ‘क्लोज टू यू’ हें त्यांचें गाणें अमेरिकेंत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलें.

याच यशानें तिला ड्रमपासून दूर केलें. लोक तिचा खालच्या पट्टींतील गंभीर आवाज ऐकावयास येत, आणि ही ठेंगणी मुलगी वाद्यांच्या मागें दिसेनाशी होई. तिनें पुढें उभें राहून गावें असा आग्रह झाला. तिनें तो नाखुषीनें मानला व ड्रमवर बहुतेक वेळ दुसरा वादक बसूं लागला. आपण मूळची ड्रमवादक, गाणें त्यामागून आलें, असें ती म्हणत असे. श्रोत्यांची अडचण खरी होती. तरी एखाद्याचें आवडतें काम इतक्या सहज काढून घ्यावें, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. १९७५ सालीं एका अमेरिकन मासिकाच्या वाचकांनीं तिला सर्वोत्तम रॉक ड्रमवादक म्हणून निवडलें, ही गोष्ट येथें लक्षांत घेण्याजोगी आहे.

त्याच वर्षीं प्रकृति ढासळल्यामुळें तिला इंग्लंड व जपानचे दौरे रद्द करावे लागले. तिला अॅनोरेक्सिया नर्व्होसा हा विकार जडला होता. हा हट्ट किंवा नखरा नव्हे. हा मनाचा रोग आहे. रोगी कृश झाला तरी आपण स्थूल आहों असें त्यास वाटतें व तो अन्न टाळतो. त्या काळीं सामान्य लोकांस याचें नांवही फारसें ठाऊक नव्हतें, व घरचीं माणसें ‘पोटभर जेव’ एवढेंच सांगूं शकत. १९८२ सालीं तिनें न्यूयॉर्कमध्यें उपचार घेतले. परंतु शरीराची झीज भरून निघाली नाहीं. ४ फेब्रुवारी १९८३ रोजीं डाउनी येथें हृदयक्रिया बंद पडून ती वारली. वय अवघें ३२. तिच्या मृत्यूनंतर वर्तमानपत्रांतून या रोगाची चर्चा सुरू झाली. आज त्यावर उपचार आहेत. ते जितके लवकर सुरू होतील तितका गुण येण्याचा संभव अधिक. मुलगा वा मुलगी जेवण चुकवूं लागल्यास पालकांनीं रागावण्याऐवजीं डॉक्टरांस विचारावें.

तिचें ड्रमवादन ज्यांस ऐकावयाचें असेल त्यांनीं प्रसिद्ध गाण्यांपासून आरंभ करूं नये, कारण ‘क्लोज टू यू’च्या तबकडीवर ड्रम हॅल ब्लेन याचे आहेत. १९६९ सालच्या पहिल्या संग्रहांत मात्र ते तिनें स्वतः वाजविले आहेत. १९७६ सालच्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांत तर ती एका ड्रमवरून दुसऱ्यावर धांवत वाजवितांना दिसते, आणि त्या वेळीं ती गात नाहीं.