द्राक्षशेती व वाइननिर्मितीचे महाविद्यालयीन शिक्षण : कॅलिफोर्नियातील डेव्हिसचा अनुभव

द्राक्षाची लागवड हा एका हंगामाचा व्यवहार नव्हे. ज्वारीचे बियाणे चुकले तर एक हंगाम वाया जातो. द्राक्षाचा खुंट किंवा वाण चुकला तर ते ध्यानात येईपर्यंत कित्येक वर्षे निघून जातात आणि मंडपासाठी काढलेले कर्ज मात्र डोक्यावर तसेच राहते. द्राक्षापासून वाइन करावयाची असेल तर ही साखळी आणखी लांबते. त्यामुळे बागायतदाराला मिळणारा सल्ला कोठून येतो, तो कोणत्या प्रयोगांवर आधारलेला असतो आणि चुकल्यास त्याची दुरुस्ती कशी होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. या दृष्टीने अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील द्राक्षशेती व वाइनशास्त्र विभागाचा इतिहास उद्बोधक ठरतो. या विभागाच्या यशापासून जसे शिकण्यासारखे आहे, तसेच त्याच्या हातून झालेल्या एका मोठ्या चुकीपासूनही आहे.

संकटातून झालेला आरंभ

फायलॉक्सेरा ही द्राक्षवेलीच्या मुळांवर जगणारी अतिसूक्ष्म कीड मूळची उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील. तेथील रानटी वेली तिला दाद देत नाहीत. परंतु युरोपीय द्राक्षाची मुळे तिच्यापुढे टिकत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिने फ्रान्समधील बागा उद्ध्वस्त केल्या आणि १८७३ साली ती कॅलिफोर्नियातील सोनोमा भागातही आढळली. या पार्श्वभूमीवर १८८० साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने कायदा करून राज्य विद्यापीठावर द्राक्षशेती व वाइननिर्मिती यांचे शिक्षण व संशोधन करण्याची जबाबदारी सोपविली. बर्कली येथील कृषीचे प्राध्यापक युजीन हिलगार्ड यांनी हे काम हाती घेतले. हिलगार्ड हे मृदाशास्त्रज्ञ होते. खारवट व चोपण जमिनींचा त्यांचा अभ्यास आजही आदराने उल्लेखिला जातो. जमिनीपासून आरंभ करून रसापर्यंत जाण्याची या शिक्षणाची दिशा त्यांच्या काळीच ठरली.

पुढे सॅक्रामेंटो शहराजवळील डेव्हिस येथे विद्यापीठाचे शेत उभे राहिले आणि कालांतराने द्राक्षविषयक अध्यापनाचे केंद्र तेथे हलले. तथापि १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी होती. वाइनविषयक अध्यापन व संशोधन थांबले. विद्यापीठाने खाण्याची द्राक्षे, बेदाणा आणि फळांचे रस यांवर काम चालू ठेवले. बंदी उठली तेव्हा वाइन बनविण्याचे कारखाने मोडकळीस आले होते आणि जाणकार माणसे विखुरली होती. १९३५ साली डेव्हिस येथे विभागाची पुन्हा उभारणी झाली. आल्बर्ट विंकलर हे विभागप्रमुख झाले आणि मेनार्ड अमेराइन हे त्याच सुमारास त्यांना येऊन मिळाले.

उष्णतेचा हिशेब

या दोघांपुढील पहिला प्रश्न साधा, पण कठीण होता. कोणत्या भागात कोणते वाण लावावे? त्यांनी राज्यभरातून द्राक्षांचे नमुने आणले, प्रत्येकाची थोडी थोडी वाइन वेगळी तयार केली, तिचे पृथक्करण केले आणि चव पाहून नोंदी ठेवल्या. हे काम एका वर्षाचे नव्हते; अनेक हंगाम ते चालू राहिले. त्यातून १९४४ साली त्यांनी कॅलिफोर्नियाचे पाच उष्णता-विभाग मांडले.

त्यांची रीत शाळेतील मुलालाही करता येईल अशी आहे. द्राक्षवेलीची वाढ सुमारे ५० अंश फॅरनहाइट, म्हणजे १० अंश सेल्सियस, तापमानाच्या वर होते असे धरावयाचे. एखाद्या दिवसाचे सरासरी तापमान ७० अंश फॅरनहाइट असेल, तर त्या दिवसाची २० उष्णता-एकके झाली. १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या काळातील सर्व दिवसांची अशी बेरीज करावयाची. बेरीज २,५०० किंवा त्याहून कमी आली तर पहिला, सर्वांत थंड विभाग. ४,००० च्या वर गेली तर पाचवा, सर्वांत उष्ण विभाग. पिनो न्वारसारखी लवकर पिकणारी वाणे थंड विभागात चांगली उतरतात. उष्ण विभागात तीच द्राक्षे घाईने पिकतात, त्यांतील आम्ल घटते आणि वाइन सपक होते. एवढ्या साध्या हिशेबामुळे अयोग्य जागी अयोग्य वाण लावण्याचे पुष्कळ नुकसान टळले.

शिक्षणक्रमाचे स्वरूप

डेव्हिसच्या पदवी शिक्षणक्रमात आरंभी रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित व संख्याशास्त्र यांचा पाया घातला जातो. त्यानंतर एकीकडे वेल आणि दुसरीकडे वाइन, असे दोन्ही विषय विद्यार्थी शिकतो. बाग करणाऱ्याला रसाचे आणि रस आंबविणाऱ्याला बागेचे ज्ञान असावे, हे या शिक्षणाचे मूळ सूत्र आहे.

बागेच्या बाजूस छाटणी, काडीवरील डोळ्यांची संख्या, पाणी, अन्नद्रव्ये, रोग व किडी, खुंट आणि वाण हे विषय येतात. खाण्याच्या द्राक्षात मणी मोठा व्हावा म्हणून बागायतदार विरळणी करतो, संजीवके वापरतो. वाइनच्या द्राक्षात मणी लहान असणे हिताचे असते. कारण रंग आणि स्वाद मुख्यतः सालीत असतात आणि लहान मण्यात रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक पडते. खाण्याच्या द्राक्षाचा अनुभवी बागायतदार वाइनच्या द्राक्षाकडे वळतो, तेव्हा त्याला आपल्या काही जुन्या सवयी सोडाव्या लागतात, त्या यामुळेच.

तळघराच्या बाजूस किण्वनाचे शास्त्र येते. फळांचा रस ठेवला तर आपोआप आंबतो, हे काजूच्या हंगामात गोव्यातील भट्टीवाल्यालाही ठाऊक असते. तो का आंबतो, कोणत्या यीस्टमुळे आंबतो आणि मध्येच थांबला तर काय करावे, याची उत्तरे प्रयोगशाळेत मिळतात. २४ ब्रिक्स गोडीच्या रसाचे पूर्ण किण्वन झाले, तर वाइनमध्ये आकारमानाने सुमारे १३ टक्के अल्कोहोल तयार होते. रसाचा सामूही तितकाच महत्त्वाचा असतो. वाइन टिकविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मुक्त सल्फर डायऑक्साइडपैकी सामू ३ असताना सुमारे ६ टक्के भाग जंतूंना रोखणाऱ्या रूपात असतो; सामू ४ झाला की तोच भाग एक टक्क्याहूनही खाली येतो. म्हणजे एकच मात्रा एका पिंपात पुरेशी ठरेल आणि दुसऱ्यात निरुपयोगी. उष्ण प्रदेशातील द्राक्षात आम्ल कमी व सामू अधिक असण्याची प्रवृत्ती असते, म्हणून तेथे हे मोजमाप विशेष काळजीने करावे लागते. किण्वनात निर्माण होणारा कार्बन डायऑक्साइड वायू हवेपेक्षा जड असतो व बंद जागेत तळाशी साचून माणसाचा जीव घेऊ शकतो, ही दक्षताही शिक्षणाचाच भाग आहे.

वाइनची पारख हाही अभ्यासाचा विषय आहे. १९७४ साली विभागात रुजू झालेल्या अॅन नोबल या तेथील पहिल्या महिला प्राध्यापक. वासांची वर्गवारी करणारे ‘गंधचक्र’ त्यांनी १९८० च्या दशकात तयार केले. ‘चांगले’, ‘उंची’ अशा मोघम शब्दांऐवजी मिरी, लिंबू, ओले गवत अशा ओळखीच्या वासांच्या नावाने वर्णन करण्याची शिस्त त्यामुळे लागली. कॅलिफोर्नियात २१ वर्षांखालील व्यक्तीस मद्यपानाची मुभा नाही. त्यामुळे १८ वर्षे पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांना वर्गात चव घेता यावी, मात्र गिळता येऊ नये, अशी तरतूद तेथे २०१४ साली कायद्याने करण्यात आली. शिक्षण आणि मद्यपान यांतील भेद कायद्यानेच असा स्पष्ट केला आहे.

शिफारस चुकते तेव्हा

फायलॉक्सेरावरील उपाय म्हणजे अमेरिकन रानटी वेलीच्या खुंटावर युरोपीय द्राक्षाचे कलम करणे. परंतु असे खुंट अनेक प्रकारचे आहेत. त्यांपैकी एएक्सआर-१ हा खुंट फ्रान्समध्ये गान्झँ यांनी अरामॉन हे युरोपीय वाण आणि रुपेस्ट्रिस ही अमेरिकन जात यांच्या संकरातून तयार केला होता. तो कलमास सोपा, निरनिराळ्या जमिनींत वाढणारा आणि भरघोस उत्पन्न देणारा होता. कॅलिफोर्नियातील दीर्घ चाचण्यांत तो चांगला उतरला आणि विद्यापीठाने त्याची शिफारस केली. १९६० व १९७० च्या दशकांत नापा व सोनोमा भागांत नव्या बागांची लाट आली, तेव्हा त्या मोठ्या प्रमाणावर या एकाच खुंटावर उभ्या राहिल्या.

या खुंटाच्या अंगी निम्मे रक्त युरोपीय द्राक्षाचे होते आणि युरोप व दक्षिण आफ्रिका येथे तो फायलॉक्सेरापुढे पूर्वीच अपयशी ठरला होता. ही गोष्ट अज्ञात नव्हती. तथापि कॅलिफोर्नियात तो वर्षानुवर्षे टिकला, या अनुभवावर भरवसा ठेवण्यात आला. १९८० च्या दशकाच्या आरंभी नापा खोऱ्यातील वेली सुकू लागल्या. या खुंटावर जोमाने वाढणारा फायलॉक्सेराचा निराळा प्रकार तेथे पसरला असल्याचे त्याच विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आणि दशकाच्या अखेरीस शिफारस मागे घेण्यात आली. तोपर्यंत हजारो एकर बागा उपटून नव्याने लावण्याची पाळी आली होती. त्याचा खर्च कोट्यवधी डॉलरांच्या घरात गेला आणि तो मुख्यतः बागायतदारांनाच सोसावा लागला.

या प्रसंगावरून विद्यापीठाचे शिक्षण व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. चूक झाली ती संशोधन संस्थेच्या शिफारशीत, आणि ती उघडकीस आणण्याचे साधनही संशोधन हेच होते. परंतु दोन गोष्टी यातून स्पष्ट होतात. एका जागी काही वर्षे यशस्वी झालेला प्रयोग हा कायमचा पुरावा नसतो. आणि संपूर्ण प्रदेशाने एकाच खुंटावर विसंबून राहणे धोक्याचे असते, मग तो खुंट कितीही गुणी असो.

दख्खनच्या बागांसाठी बोध

नाशिक, सांगली, सोलापूर, विजयपूर या भागांतील द्राक्षशेती कॅलिफोर्नियाहून मुळातच वेगळी आहे. तेथे वेल हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेते, वसंतात फुटते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस तिचे घड पिकतात. आपल्याकडे वेलीला तशी विश्रांती मिळत नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काडी व घडनिर्मिती साधावयाची, आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून पीक घ्यावयाचे, अशी दुहेरी छाटणीची पद्धत येथे रूढ झाली आहे. म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर या महिन्यांची उष्णता-बेरीज येथे मांडली, तर ती काडी तयार होण्याच्या काळाची होईल, घड पिकण्याच्या काळाची नव्हे. शिवाय तेथे फळ पिकू लागते तेव्हा हवा थंडीकडे झुकते, तर आपल्याकडे जानेवारीनंतर ती उन्हाळ्याकडे झुकते. हिशेबाची रीत घ्यावी. पण महिने आणि आकडे आपल्या बागेतून काढावेत.

खुंटाच्या बाबतीतही असेच आहे. आपल्याकडे खुंटाचा प्रसार झाला तो मुख्यतः खारे पाणी, क्षारयुक्त जमीन आणि पाण्याची टंचाई यांमुळे. टेक्साससारख्या कोरड्या प्रदेशातील रानवेलींच्या वंशातील डॉगरिज हा खुंट १९९० च्या दशकापासून महाराष्ट्र व कर्नाटकात मोठ्या प्रमाणावर स्वीकारला गेला आणि त्याने अनेक बागा तारल्या. तरीही प्रत्येक जमिनीत व प्रत्येक वाणाखाली तोच सर्वोत्तम ठरेल असे गृहीत धरू नये. नवी बाग लावताना काही ओळी दुसऱ्या शिफारस केलेल्या खुंटावर ठेवून दोहोंच्या उत्पन्नाची व पाण्याची नोंद करणे शक्य आहे. पुण्याजवळील मांजरी येथे १९९७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र खुंट व वाण या दोहोंवर काम करते. त्याचे निष्कर्ष आणि गावातील नोंदी एकमेकांशी ताडून पाहता आल्या, तर दोघांचाही लाभ होईल.

महाराष्ट्र शासनाने २००१ साली आणि कर्नाटक शासनाने २००७ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण स्वीकारले. त्यानंतर वाइनच्या द्राक्षांची लागवड व वाइनरी यांकडे लक्ष वेधले गेले. वाइनरी उभारण्यास भांडवल लागते. ती टिकविण्यास प्रशिक्षित माणसे लागतात. अशी माणसे तयार करणाऱ्या शिक्षणात बाग व प्रयोगशाळा ही एकाच आवारात असावीत आणि विद्यार्थ्याने किमान एक पूर्ण हंगाम, खरड छाटणीपासून तोडणीपर्यंत, बागेत राहून काढावा. या ज्ञानाचा उपयोग केवळ मद्यनिर्मितीपुरता नाही. दारूबंदीच्या काळात कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठाने हेच ज्ञान बेदाणा, ताजी द्राक्षे व रस यांच्या कामी लावले, हे येथे ध्यानात घ्यावे.

बागायतदाराने तज्ज्ञाचा सल्ला अवश्य घ्यावा. मात्र तो घेताना तीन प्रश्न विचारण्यास संकोचू नये : हा प्रयोग कोणत्या जमिनीत झाला, किती वर्षे चालला आणि अन्यत्र तो कोठे फसला आहे काय? ज्याला हे प्रश्न विचारता येतात तो बागायतदार, आणि ज्याला त्यांची प्रामाणिक उत्तरे देता येतात तो पदवीधर, असे दोघेही घडविणे हेच या शिक्षणाचे खरे प्रयोजन होय.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावातील फळछाटणीपासून तोडणीपर्यंतच्या काळाची उष्णता-बेरीज कशी काढाल? त्यासाठी रोजच्या कोणत्या नोंदी लागतील?

२. खाण्याचे द्राक्ष व वाइनचे द्राक्ष यांच्या मशागतीत कोणते भेद आहेत व ते का?

३. एएक्सआर-१ खुंटाची शिफारस करताना कोणता पुरावा मानला गेला आणि कोणत्या पुराव्याकडे दुर्लक्ष झाले?

४. आपल्या परिसरातील बागा कोणकोणत्या खुंटांवर आहेत? त्यांची जमीन, पाणी व वय यांची नोंद कोणाकडे आहे?