वाचलेलं राहतं कुठं?



मानसशास्त्राच्या ऐच्छिक विषयाला दरवर्षी पहिल्या तासाला एक फर्माईश ठरलेली. "मॅडम, माझ्या मनात आत्ता काय चाललंय ते ओळखा!" ते मला ओळखता येत नाही आणि या विषयात ते कुणी शिकवतही नाही, असं सांगितलं की मागच्या बाकांवर निराशा पसरते. १८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हा विषय मोजमापाच्या वाटेला लागला. म्हणजे तसा तुमच्याच जातकुळीतला.

मग मी भाषण न करता शब्द वाचून दाखवते. उशी, गादी, अंथरूण, चादर, स्वप्न, जांभई, डुलकी, घोरणं, रात्र, आराम, पांघरूण, थकवा. दोन मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा, आणि नंतर आठवतील ते शब्द वहीत लिहायचे. बऱ्याच वह्यांत 'झोप' सापडते. तो शब्द मी उच्चारलेलाच नसतो! काहीजण तर शपथेवर सांगायला तयार असतात. प्रयोग माझा नाही. जेम्स डीझ यांनी तो १९५९ मध्ये केला, रॉडिगर आणि मॅकडर्मट यांनी १९९५ मध्ये पुढे नेला. 'स्मरणशक्ती म्हणजे हार्ड डिस्क' ही कॉम्प्युटरवाल्यांची लाडकी उपमा इथंच मोडते. डिस्क कधी न ठेवलेली फाइल काढून देत नाही. मेंदू देतो, आणि वर छातीठोकपणे देतो.

आता पीएल तोंडावर आहे, म्हणून मुद्द्याचं बोलते.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं स्वतःलाच प्रयोगाचा उंदीर केलं. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची, काही काळ जाऊ द्यायचा, मग तीच यादी पुन्हा पाठ करायची आणि दुसऱ्या खेपेला किती वेळ वाचला ते मोजायचं. १८८५ च्या त्याच्या पुस्तकातले आकडे बघा: २० मिनिटांनी बचत सुमारे ५८ टक्के, तासाभरानं ४४, एका दिवसानं ३४, आणि ३१ दिवसांनी २१. म्हणजे मोठी पडझड पहिल्याच दिवशी, पुढे आलेख जवळजवळ आडवा. अर्थात थर्मोडायनॅमिक्स म्हणजे काही निरर्थक अक्षरं नव्हेत (काहींचं मत वेगळं असेल!). अर्थ लागलेली गोष्ट जास्त टिकते. पण आलेखाचा उतार ओळखीचा वाटतो ना?

यावर होस्टेलचा उपाय म्हणजे पुन्हा वाचणे. झेरॉक्स नोट्स, पिवळा हायलायटर, आणखी एकदा वाचणे. २००६ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला रॉडिगर आणि कार्पिक यांनी हाच उपाय तपासला. एका गटानं एक उतारा चार बैठकांत वाचला, सरासरी १४ वेळा. दुसऱ्या गटाला वाचायला एकच बैठक, त्यात तीन-साडेतीन वेळा वाचून झालं. उरलेल्या तीन बैठकांत उतारा बंद ठेवून आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्यानंतर मात्र वाचणारे ४० वर आणि लिहून बघणारे ६१ वर!

मला या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. आठवड्यानं किती लक्षात राहील, असं आधी विचारलं तेव्हा जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे. पान उघडलं की 'हे येतंय की' असं वाटतं ते पान समोर असतं म्हणून. पेपरात पान समोर नसतं. पोरं 'सगळं येत होतं हो, ऐनवेळी आठवलंच नाही' म्हणतात तेव्हा ती खोटं बोलत नसतात. पान उघडं असताना त्यांना खरंच तसं वाटलेलं असतं.

म्हणून माझ्या तासाला शेवटची सात मिनिटं वह्या बंद असतात. आज काय झालं ते कोऱ्या कागदावर लिहायचं. मार्क नाहीत, मी कागद गोळाही करत नाही. सुरुवातीला सगळे कुरकुरतात, कारण आठवताना त्रास होतो आणि आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. तो त्रास होऊ द्यायचा. मग वही उघडून राहिलेलं लाल पेनानं भरायचं. न्युमेरिकल्सना हेच लागू: सोडवलेलं उदाहरण नुसतं वाचू नका, उत्तर पोस्टकार्डानं झाका, एक पायरी स्वतः लिहा, मग कार्ड खाली सरकवा.

आणि नाइट मारण्याबद्दल. १९२४ मध्ये जेंकिन्स आणि डालेनबाख यांना दिसलं की पाठ केल्यावर झोपलं, तर तेवढाच वेळ जागं राहण्यापेक्षा जास्त आठवतं. हे वर्गात सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, "मॅडम, सँपल किती होतं?" दोन! दोनच विद्यार्थी. प्रश्न फार आवडला मला. नंतरच्या कितीतरी अभ्यासांनी झोपेची बाजू उचलून धरली, हे मी त्याला सांगितलंच. पण 'सँपल किती' हा प्रश्न कोर्समधला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे, आणि वरच्या एबिंगहाउसलाही तो विचारायला हवा. तिथं तर उत्तर एक आहे.

शंका असतील तर लंच ब्रेकमध्ये स्टाफरूममध्ये या. येताना एक कोरा कागद आणा.