कॉलऱ्याचे विष पेशीला कसे फसवते?



जुलै २०२२ मध्ये आपल्या यवतमाळला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत, विहिरीचं दूषित पाणी पिऊन कॉलऱ्याची साथ आली. माणसं दगावली. "पाण्यात जंतू होते" एवढं सांगून आपण वर्गात पुढे जातो. पण तो जंतू पोटात जाऊन नेमकं करतो काय?

गंमत म्हणजे तो आतड्याच्या पेशीत शिरतच नाही. बाहेर चिकटून राहतो आणि विष सोडतो. हे विष म्हणजे एक प्रथिन. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावर प्रयोग करून या विषाचं अस्तित्व दाखवून दिलं.

आता पेशीअंगकांमधली आंतर्द्रव्यजालिका आठवा. इथे नव्या प्रथिनांना घडी पडते. ज्याची घडी बिघडली ते पेशीद्रव्यात ढकललं जातं. तिथे त्याला युबिक्विटिन नावाची छोटीशी चिठ्ठी चिकटते, आणि चिठ्ठी लागलेल्या मालाचे प्रोटिएसोम तुकडे करतो. या यंत्रणेच्या शोधाला २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

कॉलऱ्याचं विष पेशीच्या पृष्ठभागावरून उलट्या वाटेने या जालिकेत पोचतं. तिथे त्याचा एक भाग सुटा होऊन बिघडलेल्या प्रथिनाचं सोंग घेतो. पेशी फसते आणि स्वतःच त्याला पेशीद्रव्यात सोडते. मग चिठ्ठी लागायला हवी ना? पण चिठ्ठी मुख्यतः लायसिन या अमिनो आम्लावर चिकटते, आणि या भागात लायसिन अगदीच कमी. भंगार म्हणून बाहेर काढलेला माल असा मोडीत न निघता मोकळा सुटतो!

रक्ताची आव करणारा शिगेला वेगळा डाव खेळतो. तो आपलीच विकरं पेशीत सोडून आपल्या बचावाच्या प्रथिनांना त्या चिठ्ठ्या चिकटवतो.

सुटलेलं विष पुढे पेशीतल्या जी-प्रथिनाचं बटण 'चालू' स्थितीत अडकवतं. क्लोराइडची दारं उघडी राहतात, क्षारांमागोमाग पाणी आतड्यात ओसंडतं. जोराचा कॉलरा झालेल्या मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं.

एक दार मात्र शाबूत राहतं. सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत घेणारं प्रथिन या विषाने बंद पडत नाही. ओआरएसमध्ये साखर असते ती यासाठी, चवीसाठी नव्हे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचवले.

पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका. लेकराचे डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर हेच पाणी पाजत पाजत दवाखाना गाठा.