हायब्रीड सायकल घेताना : आधी माप, मग गिअर

चाळिशी ओलांडली, रक्तदाब किंवा साखर थोडी वर सरकली, की 'जरा चाला, सायकल चालवा' असा सल्ला मिळतो. सल्ला पटतो, उत्साहाने सायकल घरी येते, आणि महिन्या-दोन महिन्यांत तिच्यावर टॉवेल वाळत पडतात. यात दोष नेहमी आळसाचाच असतो असे नाही. पुष्कळदा सायकल मापाची नसते. गुडघे दुखतात, पाठ धरते, हातांना मुंग्या येतात, आणि मग माणूस सायकलीचे नाव काढत नाही. पैसे जातात आणि व्यायामही जातो. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा, सवडीने, मजेसाठी सायकल चालवणाऱ्याने ती कशी पारखून घ्यावी, ते आज पाहू.

हायब्रीड म्हणजे काय?

हायब्रीड म्हटले की शेतकऱ्याला बियाणे आठवते. सायकलीचेही तसेच आहे. शर्यतीच्या सायकलीचे मोठे, हलके चाक आणि डोंगरी सायकलीचे सरळ हँडल यांचा हा संकर आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. तशी अरुंद टायरची, खाली वाकलेल्या हँडलची सायकल हौशी माणसाच्या कामाची नाही. तिच्यावर कंबरेतून फार वाकावे लागते. उलट जाड, खाचांच्या टायरची डोंगरी सायकल डांबरी रस्त्यावर जड चालते. विंझरहून मार्गासनीकडे किंवा वेल्ह्याकडे फेरी मारणाऱ्याला डांबर, खडी आणि चढउतार अशा तिन्हींना पुरेल अशी सायकल हवी. हायब्रीड त्यासाठीच असते.

माप कसे पाहावे?

दुकानात प्रथम रंग आणि गिअर न पाहता दांडीवर पाय टाकून उभे राहावे. दोन्ही तळपाय जमिनीवर टेकलेले असताना दांडी आणि जांघ यांमध्ये किमान एक-दोन इंच मोकळी जागा राहिली पाहिजे. नंतर सीटवर बसून एक पायडल अगदी खाली आणावे व त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला तर सीटची उंची बरोबर आहे. चालवताना आपण टाचेऐवजी चवड्याने पायडल मारतो, त्यामुळे गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो.

सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीपाशी दुखते. फार वर असेल तर गुडघ्यामागची शीर ताणली जाते. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहावे. हात ताठ होत असतील तर शरीराचा भार तळहातांवर येतो व बोटे बधिर होतात. साडी नेसणाऱ्या महिलांनी आणि ज्यांना पाय उंच उचलून टाकणे जड जाते अशा वयस्क मंडळींनी खाली झुकलेल्या दांडीची सायकल घ्यावी. सीट गादीसारखी मऊ असण्यापेक्षा बसण्याच्या हाडांना नीट आधार देईल इतकी रुंद असावी.

गिअर किती असावेत?

'एकवीस गिअर' हा आकडा ऐकून भुलू नये. सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, हे महत्त्वाचे. पुढच्या लहान चक्राला २८ दाते आणि मागच्या मोठ्या चक्रालाही २८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होतो. पुढे ४२ आणि मागे १४ असतील तर तीन फेरे होतात. सपाटीवर हा जड गिअर ठीक. पाबे घाटासारख्या चढणीला तो लावला तर सारा भार गुडघ्यांवर येतो. मागचे मोठे चक्र ३२ किंवा ३४ दात्यांचे मिळाले तर फारच उत्तम. पायडल मिनिटाला साठ ते ऐंशी फेरे इतके हलके फिरले पाहिजे. पंधरा सेकंदांत एका पायाचे पंधरा ते वीस फेरे मोजले की झाले.

खर्च कुठे करावा, कुठे टाळावा?

स्वस्त सायकलीला पुढे बसवलेला शॉकअॅब्सॉर्बर वजन वाढवतो, चढावर ताकद खातो आणि मावळातल्या पावसात गंजतो. त्याऐवजी साधा चिमटा आणि ३५ ते ४० मिलिमीटर रुंद टायर घ्यावा. हादरे टायरच पुष्कळसे सोसतो. कोरड्या दिवसांत फिरणाऱ्याला रिमवर रबर दाबणारे ब्रेक पुरतात व ते कोणताही कारागीर दुरुस्त करतो. मात्र ओल्या रिमवर ते सुरुवातीला नीट पकडत नाहीत. पावसातही चालवायची असेल तर तारेचे डिस्क ब्रेक घ्यावेत.

टायरच्या कडेवर ३८-६२२ असा काहीसा आकडा असतो. यातला दुसरा आकडा रिमचे माप सांगतो. आपल्या जुन्या काळ्या, २८ × १½ टायरच्या सायकलीचे माप ६३५ असते. दोन्ही चाके दिसायला सारखी, पण एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. गावच्या दुकानात हा टायर मिळेलच असे नाही. म्हणून एक जादा ट्यूब घरी ठेवावी. व्हॉल्व्ह मोटारसायकलीसारखा असेल तर हवा कुठेही भरता येते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बिनमोटरच्या सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पंधरा हजारांच्या मूळ किमतीवर पूर्वी अठराशे रुपये कर पडे, आता साडेसातशे पडतो. उरलेल्या पैशांत हेल्मेट, पंप आणि मागचा लाल दिवा येऊ शकतो. सायकल मुद्दाम थोडी स्वस्त घ्यावी, पण या तीन वस्तू टाळू नयेत. चेनला तेल आणि वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग, एवढी निगा पुरे.

चालवावी कशी?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे; पण थोडा व्यायामही अजिबात नसण्यापेक्षा बरा, हेही सांगितले आहे. म्हणून आरंभी पंधरा-वीस मिनिटे, आठवड्यातून तीनदा पुरे. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपतच दम लागावा. दर दहा मिनिटांनी उतारावर पायडलवर क्षणभर उभे राहिले तर बैठकीवरचा दाब सुटतो.

छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप लागणे किंवा चक्कर येणे असे होत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत. सायकलीवर हाडांवर फारसा भार पडत नाही; म्हणून हाडांच्या बळकटीसाठी उरलेल्या दिवशी चालणेही चालू ठेवावे.

दुकानदाराला एक चक्कर मारू देण्याची विनंती जरूर करा. दहा मिनिटे चालवून गुडघा, पाठ आणि हात यांची तक्रार आली नाही, तरच पैसे मोजावेत.